नऊ वजनं आणि दादा

फोन आला तेव्हा दादाची अर्धी दाढी व्हायची होती. उजवा गाल साफ झाला होता, डाव्यावर फेस होता आणि हनुवटी मिस्त्रीच्या दोन बोटांत धरलेली होती. मिस्त्रीनं फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि रेझर तसाच हवेत धरून ऐकलं. पलीकडच्या बाई सरावलेल्या आवाजात बोलत होत्या. निवासात एक जागा रिकामी झाली आहे. यादीत आता तुमच्या भावाचा नंबर पहिला आहे. आज संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर पुढच्या घरी फोन करावा लागेल. समजलं ना, असं त्यांनी विचारलं. समजलं, असं मिस्त्री म्हणाला. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ त्यानं मुद्दाम पाहिली असं नाही. तेवीस वर्षं लिफ्टच्या नोंदवहीत बिघाडाची वेळ लिहून डोळे आपोआप घड्याळाकडे जात. फोन ठेवून त्यानं डावा गाल हातात घेतला, तर दादानं मान झटकन बाजूला नेली. "गुदगुल्या कसल्या होतात रे तुला, बावन्न वर्षांचा झालास," मिस्त्री म्हणाला, आणि आपला आवाज ऐकून त्याचा तोच चपापला. आवाज सुट्टी लागलेल्या पोरासारखा होता.

ते काय होतं हे त्याला दादाच्या शर्टाची बटणं लावताना कळलं. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली काहीतरी सुटलं होतं आणि वर चाललं होतं. आनंद झाला होता. इतका की बटणं चुकली आणि पुन्हा वरून सुरुवात करावी लागली. आई गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यानं यादीत नाव घातलं होतं, आणि चार वर्षं ते नाव तिथं पडून होतं. एकट्यानं राहू न शकणाऱ्या मोठ्या माणसांसाठीची ती जागा तो एकदा जाऊन पाहूनही आला होता. स्वच्छ खोल्या, खिडक्यांना मजबूत पण देखण्या जाळ्या, मागे बाग, बागेत एक माणूस झाडाला पाणी घालता घालता झाडाशी गप्पा मारत होता. वाईट म्हणावं असं काही सापडलं नव्हतं. जागा रिकामी झाली म्हणजे काय झालं असेल, हा विचार दाराशी येऊन उभा राहिला, पण त्यानं त्याला आत घेतलं नाही. आत गर्दी होती. सकाळी आठपर्यंत झोपणं. पलंग भिंतीकडून काढून खोलीच्या मधोमध ठेवणं. रविवारी कुणालाही न सांगता बाहेर पडणं आणि रस्ता संपेल तिथपर्यंत चालणं. ओट्याशी उभ्यानंच जेवणं. रात्री दाराला आतून साखळी न लावता झोपणं, कारण उठून जिन्यात जाऊन बसणारं कुणी नसेल. सत्तेचाळीसाव्या वर्षी माणूस नव्यानं काय काय करू शकतो याची यादी त्याच्या डोक्यात अशी भराभर वाढत होती की दादाच्या पट्ट्याची टोकं त्याच्या हातात तशीच राहिली. "चल," दादा म्हणाला. दादाकडे फार शब्द नव्हते. चल, झालं, वर, खाली आणि मजल्यांची नावं. तेवढ्यात त्याचं भागे.

मिस्त्रीनं पट्टा शेवटच्या भोकात अडकवला आणि दोघं निघाले.

दादा कामावर येऊ लागला त्याला चार वर्षं झाली होती. सुरुवातीला मिस्त्री त्याला व्हॅनमध्ये बसवून ठेवायचा. मग एका इमारतीत वजनं कमी पडली. लिफ्ट सुरू करण्याआधी तिचा तोल बघावा लागतो. दोरांच्या एका टोकाला गाडी, म्हणजे माणसं बसतात ती पेटी, आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांची चळत. गाडीत निम्मा भार ठेवला की दोन्ही बाजू सारख्या व्हाव्या लागतात. आठ माणसांच्या लिफ्टला निम्मा भार म्हणजे दोनशे बहात्तर किलो. वीस वीस किलोची ओतीव वजनं व्हॅनमध्ये नऊच होती, म्हणजे एकशे ऐंशी. बाकी ब्याण्णव कुठून आणायचे म्हणून मिस्त्री आणि त्याचा कामावरचा जोडीदार डोकं खाजवत बसले असताना जोडीदाराचं लक्ष व्हॅनमधल्या दादाकडे गेलं. डॉक्टरांकडे त्याच महिन्यात त्याचं वजन झालं होतं. ब्याण्णव. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही. मिस्त्रीनं हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं खिळ्यानं कोरून ठेवलं: दादा ९२. तेव्हापासून आठ माणसांची लिफ्ट असली की नऊ वजनं आणि दादा, हा हिशेब ठरून गेला. दादा स्टुलावर बसे, भोवती वजनं मांडली जात, आणि गाडी हलली की तो एकेक मजला पुकारी. लोखंडी भिंतीला गाल टेकून बसायची त्याला अलीकडे सवय लागली होती. जोडीदार म्हणे, दादा मोटर ऐकतो, त्यानं मान हलवली तरच लिफ्ट पास.

या जोडीदाराला सगळे रेडिओ म्हणत. बंद करायचं बटण नसलेला रेडिओ, असं तो स्वतःच सांगे. "आज काय, लॉटरी लागली का?" व्हॅन सुरू करताना त्यानं विचारलं.

"का?"

"शीळ घालताय. नऊ वर्षांत मी तुमची शीळ ऐकली नाही. मला वाटलं, व्हॅनचा पट्टा वाजतोय."

मिस्त्रीनं शीळ थांबवली. मागच्या आरशात दादा दिसत होता, मांडीवर दोन्ही हात, खिडकीबाहेर तोंड. आरशातून त्याच्याकडे बघणं मिस्त्रीला जमेना. त्यानं खिशातून फोन काढून बहिणीला लावला. ताई दुसऱ्या शहरात होती, दोघांच्या मधली.

"अरे मग अडलं कुठे? हो म्हणून टाक," ताई म्हणाली.

"म्हणतोच आहे. तुला कळवलं."

"कळवलंस कशाला, मी नको म्हणावं म्हणून?"

"तसं नाही. आईला काय वाटलं असतं, असं आलं मनात."

 ताई म्हणाली, "आईनं त्याच जागेचा अर्ज आणून भरून ठेवला होता. कपाटात, साड्यांच्या खाली. मला सापडला. तारीख बघितली, तर ती जायच्या पाच वर्षं आधीची. पाठवला नाही, फाडलाही नाही. तेव्हा आईचं नाव पुढे करू नकोस. तुला काय वाटतं ते बघ. आणि संध्याकाळी सांग मला."

फोन बंद झाल्यावर मिस्त्रीच्या छातीतलं ते सुटलेलं आणखी वर गेलं. म्हणजे आडकाठी कसलीच नव्हती. आईनं काही सांगून ठेवलं नव्हतं, ताई आड येत नव्हती, जागा चांगली होती, दादा तक्रार करणार नव्हता. कुठलंच दार बंद नाही असा दिवस त्याच्या आयुष्यात कधी आला होता हे तो आठवू लागला, आणि त्याला आठवला तो नेमका भलताच दिवस. तो सहा वर्षांचा, दादा अकरा. दादाच्या खांद्यावर बसून तो रस्त्यावरून चालला होता, खाली दादाचे केस दोन्ही मुठींत घट्ट, आणि दादा पळत होता, हसत होता, आणि लोक बाजूला होत होते. पुढच्याच वर्षी आईनं त्याला दादाच्या बुटांची नाडी बांधायला शिकवलं. स्वतःच्या नाडीआधी तो दादाची नाडी बांधायला शिकला होता. आई म्हणाली होती, आता तू मोठा. पण दादा म्हणायचं सोडू नकोस.

इमारत नऊ मजल्यांची, नवी कोरी, रंगाचा वास अजून ओला. उद्या सकाळी दहाला सरकारी तपासनीस येणार होते, म्हणून आज तोल बघून घ्यायचा होता. रेडिओनं वजनं आत मांडली, दादा स्टुलावर बसला, मिस्त्री वर मशीनच्या खोलीत गेला. मोटरच्या तारेला त्यानं चिमट्यासारखा मीटर लावला. गाडी आणि ठोकळे बरोबर मध्यावर एकमेकांना ओलांडतात त्या क्षणी मोटर किती जोर लावते ते बघायचं. वर जाताना आणि खाली येताना आकडा एकच आला की तोल बरोबर. साधं काम होतं, वीस मिनिटांचं. खोलीत उभा असताना त्याला आपला उस्ताद आठवला, कारण त्या खोलीला तोच ग्रीसचा आणि तापल्या तांब्याचा वास होता. पहिल्याच आठवड्यात उस्तादानं विचारलं होतं, रिकाम्या गाडीचा ब्रेक हातानं सोडला तर गाडी कुठे जाईल? हा म्हणाला, खाली. सगळेच नवखे खाली म्हणतात. उस्तादानं काही न बोलता दांडा दाबला, आणि गाडी वर सुटली. चाक असं गरगरलं की हा दोन पावलं मागं सरकून भिंतीला जाऊन लागला. "रिकामी आहे म्हणून सोपी समजू नकोस," उस्ताद म्हणाला होता. "तिला रिकामी खाली आणताना मोटर सगळ्यात जास्त रडते." तेव्हा ते भौतिकशास्त्र वाटलं होतं, आजही तेच होतं. पण सकाळपासून पोटातून जे वर चाललं होतं त्याला ब्रेक आहे की नाही, हा प्रश्न त्याला त्या क्षणी पडला आणि आवडला नाही.

"वर सात," त्यानं मीटरचा आकडा फोनवर सांगितला. मग गाडी खाली आली. "खाली साडेआठ."

"साडेआठ कसं?" खालून रेडिओ. "पुन्हा बघा."

पुन्हा वर सात, खाली साडेआठ. म्हणजे ठोकळ्यांची बाजू जड. मिस्त्रीनं ठोकळे स्वतः मोजून चढवले होते. तरी एक पंचवीस किलोचा ठोकळा उतरवून बघायचं ठरलं, त्यात तास गेला. आता आकडे उलटले. वर सव्वाआठ, खाली सात. म्हणजे एका ठोकळ्यानं जास्त, आणि तो काढला तर कमी. मधेच कुठेतरी दहाबारा किलो हरवत होते किंवा उगवत होते. मिस्त्रीला कामाचा तो जुना ताप चढला. त्याला असं अडलेलं कोडं मनापासून आवडे, आणि आज तर सगळं अंगच पेटलेलं होतं. त्यानं मीटर बदलला. गाडीचे सरकते आधार तेल लावून बघितले. दोर हातानं चाचपले. ठोकळा परत चढवला. सहाव्या मजल्यावर उतरून दार उघडून शाफ्टमध्ये बॅटरी मारली, ठोकळे मोजले, पुन्हा मोजले. पावणेबारा वाजले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि तो जिने दोन दोन पायऱ्यांनी उतरत होता.

"आपली वजनं मोजली?" तळमजल्यावर येऊन त्यानं विचारलं.

"नऊ," रेडिओ म्हणाला. "कालही नऊ, परवाही नऊ. ओतीव लोखंड आहे, मिस्त्री, ते काही पथ्यावर नाही. मोटर नवी, मीटर दोन झाले, ठोकळे तुम्ही मोजलेत. आता राहिला कोण? दादा. दादा, तू चोर आहेस का रे?"

"झालं?" दादानं विचारलं. तो लोखंडी भिंतीला डावा गाल टेकून बसला होता.

रेडिओ हसला. मिस्त्रीही हसला, आणि हसता हसता त्याची नजर दादाच्या पट्ट्यावर गेली. पट्ट्याचं टोक बक्कलातून बाहेर येऊन जवळजवळ कमरेच्या मागपर्यंत गेलं होतं. त्यात ओळीनं पाच भोकं कारखान्याची होती आणि पुढची तीन खिळ्यानं पाडलेली. ती त्यानंच पाडली होती. पहिलं कधीतरी पाचसहा महिन्यांपूर्वी, मग दुसरं, मग गेल्या महिन्यात तिसरं. प्रत्येक वेळी त्याच्या मनात आलं होतं की चामडं ताणलंय. नवा दोर चढवला की तो पहिल्या वर्षात ताणतोच, सैल पडतो, मग त्याला आखडून घ्यावा लागतो. तेवीस वर्षं तो हेच करत आला होता. दोर सैल दिसला की दोर ताणला असं समजायचं. पट्टाही त्याला दोरच वाटला होता.

"उठ," तो म्हणाला. "दादा, उठ. चल."

समोर रस्त्यापलीकडे एका बाईंचं भंगाराचं दुकान होतं, दारात मोठा काटा. मिस्त्रीनं दादाला हाताला धरून त्या काट्यावर उभं केलं. बाई कागदाच्या गठ्ठ्यांना दोरी मारत होत्या. त्यांनी खालून वरपर्यंत दादाकडे बघितलं.

"द्यायचाय?" त्यांनी विचारलं. "माणसं घेत नाही आम्ही. भांडं-अवजार असेल तर बोला."

मागून आलेला रेडिओ एरवी अशा बोलण्यावर पाऊण तास काढला असता. आज तो काट्याकडेच बघत राहिला. बाईंनाही काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली आणि काट्याचं वजन स्वतः सरकवलं. "अठ्ठ्याहत्तर," त्या म्हणाल्या. "बूट आणि कपड्यांसकट. काटा चोख आहे माझा, हवं तर तुम्ही चढून बघा."

चौदा किलो. गणित जागच्या जागी बसलं आणि मिस्त्रीच्या अंगातून विजेसारखं काहीतरी गेलं. कोडं सुटल्याचा तो झटका होता, खरा, नेहमीचा, आणि त्याच झटक्याच्या पोटात दुसरा होता. चौदा किलो माणूस त्याच्या हातांतून गेला होता. रोज सकाळी हीच हनुवटी हातात धरून, हाच पट्टा लावून. मोटरच्या आवाजात केसाएवढा फरक झाला तर तिसऱ्या मजल्यावरून सांगणारा माणूस तो. त्यानं दादाला काट्यावरून उतरवलं, उजेडाकडे वळवलं आणि त्याच्या डाव्या गालावर अंगठा ठेवला. दादानं मान झटकली. गुदगुल्या नव्हत्या.

"तोंड उघड," मिस्त्री म्हणाला.

दादानं त्याच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

दुपारी दोनला ते दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात बाकावर बसले होते. दोन दाढा सडून मुळाशी पू झालेला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांनी आडपडदा ठेवला नाही. सहा महिने तरी हे दुखत असणार, खूप दुखत असणार, कसे खात होते?  घरी दादा ताट रिकामं करत असे. आता त्याला आठवलं की कामावर दुपारच्या वेळी रेडिओचा डबा अलीकडे लवकर संपत नसे आणि रेडिओ म्हणे, दादानं आपल्या डब्यातलं मला खायला घातलं. थट्टाच वाटली होती ती. आणि लोखंडी भिंत. दादा मोटर ऐकत नव्हता. लिफ्टचं पोलाद थंड असतं, सगळ्या इमारतीत सगळ्यात थंड तेच असतं. ठणकणाऱ्या गालाला त्यानं स्वतःचं औषध शोधून काढलं होतं आणि त्याच्यावर गाल टेकून, एकही मजला न चुकवता, तो दिवसभर मजले पुकारत राहिला होता.

हे मनात आलं आणि मिस्त्री बाकावरून उठून उभा राहिला. त्याला बसवेना. शरम होती, पण तिच्याहून मोठं काहीतरी होतं आणि ते शरमेला पुढे येऊ देत नव्हतं. चार वर्षं तो स्वतःला एकटा ओढणारा माणूस समजत आला होता. रोज रात्री अंथरुणावर पडताना तो मनातल्या मनात मोजत असे, अजून किती दिवस, अजून किती वर्षं. आणि या सबंध वेळात, त्याच खोलीत, पलीकडच्या पलंगावर दुसरा एक माणूस रोज सकाळी दुखतं तोंड घेऊन उठत होता, चल म्हणत होता, स्टुलावर जाऊन बसत होता, कुणाला काही न मागता. कुठून आणत होता तो एवढं? त्याच्याकडे तर पुढच्या आठवड्याचाही हिशेब नव्हता. त्याच्याकडे फक्त आजचा दिवस होता आणि समोरच्या माणसावरचा भरवसा. मिस्त्रीला वाटलं, आपण एवढी वर्षं दोरांची ताकद तपासत आलो, आणि ही ताकद घरात असून कधी हात लावून बघितली नाही. त्याला हसू यायला लागलं. बाकावर बसलेल्या दोघीतिघी त्याच्याकडे बघू लागल्या तेव्हा त्यानं फोन काढला.

"ताई, दर महिन्यात एक रविवार तू ये," तो म्हणाला. "किंवा मी त्याला तुझ्याकडे आणून सोडतो. मला एक रविवार पाहिजे. सबंध."

"अरे, काय झालं? निवासाचं काय?"

"दाढ दुखतेय त्याची. दोन दाढा. काढणार आहेत."

"मी काय विचारतेय आणि तू काय सांगतोयस." मग ताईचा आवाज बदलला. "चार वर्षांत तू पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंस, माहीत आहे? मला वाटायचं तुला माझं येणं नको असतं. तू सगळं असं चोख करायचास की मला हात घालायला जागाच नव्हती."

"चोख नव्हतं," मिस्त्री म्हणाला. "येशील ना?"

"येते की. न यायला काय झालंय?"

खुर्चीत दादानं मिस्त्रीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. सुई बघून त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं सुईकडून मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीनं मान हलवली, आणि दादानं तोंड उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा पेशंट रोज मिळाला तर बरं. मिस्त्रीच्या मनगटावर दहा बोटांचे वळ उठले, ते संध्याकाळपर्यंत राहिले. रेडिओचा मधेच फोन आला. त्यानं स्टुलावर पाण्याचा चौदा लिटरचा कॅन ठेवून आणि इमारतीच्या रखवालदाराला त्याच्या शेजारी उभं करून आकडे जुळवायचा घाट घातला होता, पण रखवालदार आपलं वजन सांगायला तयार नव्हता. "समोरच्या बाईंकडे मोजून घ्या," मिस्त्री म्हणाला. "मोजल्याशिवाय कुणाचं काही धरू नका. उद्या सकाळी सातला मी येतो."

घरी पोचले तेव्हा पावणेपाच होऊन गेले होते. लिफ्टच्या मिस्त्रीचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, यावर त्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस एकदा तरी हसून घेई. दादाच्या गालात कापूस होता, अर्धा चेहरा बधिर, पाय जड. जिना चढताना नेहमी मिस्त्री मागे राही आणि तळहात दादाच्या पाठीवर ठेवी. पहिल्या वळणापर्यंत ठीक गेलं. तिथं दादा थांबला, कठड्याला धरून उभा राहिला, आणि मिस्त्रीच्या तळहातावर भार यायला लागला. त्याच वेळी खिशात फोन वाजला. उजवा हात काढता येत नव्हता. डाव्या हातानं त्यानं फोन उचलला.

"निवासातून बोलतेय," सकाळच्याच बाई. "पाच वाजायला पाच मिनिटं आहेत. तुमचा फोन आला नाही म्हणून म्हटलं आपणच करावा."

"एक विचारू?" मिस्त्री म्हणाला. "तुमच्याकडे वजन करता का, राहणाऱ्यांचं?"

"दर महिन्याच्या एक तारखेला. का?"

"कुणाचं चौदा किलो उतरलं तर कळेल तुम्हाला?"

"चौदा?" बाई म्हणाल्या. "दोन उतरलं तरी डॉक्टरांना बोलावतो आम्ही."

जिन्याच्या खिडकीतून तिरपं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं. मिस्त्रीनं ते उत्तर नीट ऐकलं, त्यातलं काही कमी केलं नाही. त्या बाई खरं बोलत होत्या. तिथं दादाचं दुखणं पहिल्या महिन्यात सापडलं असतं. आपण तिथल्यापेक्षा बरे, असं त्याला स्वतःला सांगता येत नव्हतं, आणि गंमत अशी की ते सांगायची गरजही वाटत नव्हती. सकाळी जे सुटून वर गेलं होतं ते अजूनही अंगात होतं, तेवढंच जोरात, फक्त आता ते त्याला कुठेही पळवून नेत नव्हतं. एक तारखेला वजन करायला त्यालाही येत होतं. आणि रविवार येणार होता. तळहाताखाली दादाचा पाठीचा कणा लागत होता, मणी मणी वेगळा, पूर्वी तो असा लागत नसे, आणि त्या प्रत्येक मण्याबद्दल मिस्त्रीच्या मनात एक हावरी उत्सुकता उभी राहिली होती. याला मऊ काय करून घालायचं. किती दिवसांत भरेल. डावा गाल बरा झाल्यावर हा कसा हसेल, सहा महिन्यांत तो नीट हसलेलाच नाही.

"ऐकताय ना? हो की नाही?" बाई म्हणाल्या.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "पुढच्यांना फोन करा. ते वाट बघत असतील."

"पुन्हा नंबर यायला चारपाच वर्षं लागतात. नाव काढून टाकू?"

"राहू द्या. सगळ्यात शेवटी घाला."

"कारण लिहावं लागतं मला," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोटांखाली कळफलकाचा आवाज ऐकू येत होता. "काय लिहू?"

वरच्या पायरीवर दादा अजून उभा होता. त्यानं एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. मिस्त्रीच्या लक्षात आलं की चार वर्षांत या जिन्यात त्यानं कधीच मागे वळून बघितलेलं नाही. हात आहे की नाही याची त्यानं कधी खात्री करून घेतलेली नाही. आणि आताही, कठड्यावरचा हात सोडून, दादा सावकाश मागे रेलला, अंगाचा सगळा भार घेऊन, जसा माणूस दिवस संपल्यावर भिंतीला टेकतो तसा. मिस्त्रीचा कोपर वाकला. त्यानं एक पाय खालच्या पायरीवर घेऊन रोवला, खांदा लावला. पोटऱ्या ताठ झाल्या, श्वास एकदा अडकला आणि मग मोकळा झाला.

"लिहा," तो फोनमध्ये म्हणाला, "झेपतंय."